खिडकीजवळची खुर्ची

हौशी : जुलैत आईला पंचाहत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी तिला जुहूला, समुद्रासमोरच्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला न्यायचं मी ठरवलंय. तुला हे पटणार नाही, म्हणून आधी माझी बाजू नीट सांगते. आई लग्न होऊन अंधेरी पूर्वेला आली त्याला पन्नासेक वर्षं होतील. तिथून समुद्र चार-पाच किलोमीटरवर. एवढ्या वर्षांत ती जुहूला किती वेळा गेली असेल? आम्ही लहान असताना मे महिन्याच्या सुट्टीत, गावाहून पाहुणे आले की त्यांना दाखवायला, आणि गणपती विसर्जनाला. प्रत्येक वेळी ती उभी होती. एका हातात आमच्या चपला, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि नजर लाटेवर नाही, आमच्यावर. समुद्राकडे बघत आई निवांत बसलीय, असं एकही दृश्य मला आठवत नाही. आता गुडघे तिला वाळूत चालू देत नाहीत. तेव्हा मी विकत घेणार आहे ते काही जेवण नव्हे. दोन तास तिनं पाण्याकडे बघत बसावं, तिला कुणी उठवू नये आणि तिलाही कुणासाठी उठावं लागू नये, ते मी विकत घेणार आहे. त्यासाठी पडतील तेवढे पैसे मोजायची माझी तयारी आहे.

साशंक : काकूंनी बसावं याला माझा विरोध कसा असेल? त्यांच्या हातचं मी कॉलेजात असल्यापासून जेवतोय. मला खुपतो तो व्यवहार. अशा हॉटेलचं बिल नीट वाच. सुरमई, भात, सोलकढी. त्यावर पाच टक्के जीएसटी, आणि साडेसात हजारांच्या वर भाडं असलेल्या खोल्यांचं हॉटेल असेल तर अठरा टक्के. मग सेवा शुल्क. ते गिऱ्हाइकाला न विचारता लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. म्हणजे बिलातल्या एकेका ओळीवर भांडण होऊन गेलंय. पण सगळ्यात मोठी रक्कम ज्या गोष्टीची असते, तिची ओळच बिलात नसते. तसाच सुरमईचा तुकडा, तितकाच ताजा, पार्ल्याच्या किंवा अंधेरीच्या मालवणी खानावळीत कितीतरी कमी पैशांत मिळतो. वरचा सगळा फरक समुद्राचा. आणि समुद्र त्या हॉटेलच्या मालकीचा नाही. भरती त्यांच्या सांगण्यावरून येत नाही, मावळतीचा रंग त्यांच्या स्वयंपाकघरात तयार होत नाही. जे सगळ्यांचं आहे त्याच्यासमोर एक काच लावायची, आणि काचेच्या आतल्या बाजूनं बघण्याचे पैसे घ्यायचे. हे मला पटवून घेता येत नाही.

हौशी : समुद्र ते विकतच नाहीत. समुद्र आजही फुकट आहे, जुहूच्या वाळूवर कुणीही जाऊन उभं राहावं. ते विकतात ती समुद्राजवळ थांबता येण्याची सोय. सपाट फरशी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, डोक्यावर छप्पर, आणि स्वच्छ संडास. शेवटचा शब्द मी मुद्दाम उच्चारते, कारण पुरुष समुद्रावर किती वेळ थांबतो हे त्याच्या मनावर असतं आणि बाई किती वेळ थांबते हे बहुतेक वेळा संडास कुठे आहे यावर ठरतं. पंचाहत्तरीच्या बाईचं तर विचारूच नकोस. तू म्हणतोस समुद्र सगळ्यांचा. कागदावर आहेच. पण आईचा तो कधी झाला? किनारा तिच्यासाठी उघडा होता आणि तरीही तिला तो मिळाला नाही. काचेच्या आत तो पहिल्यांदा मिळणार असेल, तर त्या काचेवर मी रागावू कशी?

आणि दुसरं. आपल्या घरांत बाहेर जेवण्याकडे बघायची एक जुनी नजर आहे. खानावळ असायची ती गिरणीत काम करणाऱ्या, बायको-मुलं गावी असलेल्या पुरुषासाठी. घरचं बाईमाणूस हॉटेलात बसून जेवतं याला काही अर्थच नसायचा, ‘घरात चूल पेटली नाही का?’ असंच विचारलं जायचं. त्या चुलीपुढे कोण होतं? आईनं आयुष्यभर सगळ्यांना वाढून झाल्यावर, उरलेल्या कालवणातलं, बहुतेक वेळा शेपटीकडचं खाल्लं. तिच्यासमोर कुणी वाकून ताट ठेवावं, पाणी हवंय का म्हणून तिला विचारावं, याला मी चैन म्हणत नाही. हे फार उशिरा फेडलेलं देणं आहे.

साशंक : हे तू म्हणालीस त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर देण्यासारखं ते नाहीच. पण ते देणं फेडायला समुद्रच का लागतो? वाढणारा माणूस पार्ल्यातही असतो. तू समुद्र निवडलास, म्हणून समुद्राबद्दल बोलतो. काचेतून दिसतो तो कुठला समुद्र? त्याला वास नाही, वारा नाही, आवाज नाही. जुहूहून किनाऱ्यानं उत्तरेला गेलं की वेसावं. आपण नकाशावर वर्सोवा लिहितो, तिथले कोळी अजून वेसावंच म्हणतात. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली, पुढे बंदर, आणि बांबूच्या वलांड्यांवर तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बोंबील. या किनाऱ्याचा खरा वास तो. त्याच वासाला नाक मुरडून खिडक्या लावून घेणारी माणसं मी पाहिलीत, आणि संध्याकाळी तीच ‘सी-व्ह्यू’ टेबल मिळावं म्हणून फोन करतात. डोळ्यांना समुद्र हवा आणि नाकाला नको. मला वाटतं, काचेचं मुख्य काम थंड हवा आत ठेवणं हे नाहीच. समुद्रावर राबणारी माणसं समुद्राच्या चित्रातून वगळणं, हे ते काम आहे.

आणि तू जुलैत जाणार आहेस. 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी आणि खलाशांच्या जिवासाठी. वेसाव्याच्या नौका त्या दिवसांत किनाऱ्याला ओढलेल्या असतात, जाळी शिवायला काढलेली असतात. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, म्हणजे जुलैत तिकडचा मासा इकडे येऊ शकतो. बाकी बर्फातला, शीतगृहातला, तळ्यात वाढवलेला. तेव्हा जुलैत खिडकीबाहेर खवळलेला अरबी समुद्र दिसत असेल आणि ताटात आलेला मासा कदाचित बंगालच्या उपसागरातला असेल. बघायचा एक समुद्र, खायचा दुसरा. त्या दिवसांत वेसाव्यात काय शिजतं? सुके बोंबील, सोडे, जवळा, पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवलेलं. खाडीतली चिंबोरी मिळाली तर मिळाली. यातलं काही तुझ्या हॉटेलच्या मेनूत असेल का?

हौशी : नसेल. आणि असायला हवं, हे मला मान्य. आई तर सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी दिली तर पापलेटकडे बघणारही नाही. पण त्यावरून हॉटेल नसावं असं निघत नाही, मेनू बदलावा असं निघतं. आणि तो बदलणार कसा? तुझ्यासारखे तिथे पाऊल टाकत नाहीत, आणि जे टाकतात त्यांना विचारायचं सुचत नाही. तू म्हणतोस काच कोळ्यांना वगळते. पण मोठा पापलेट, मोठी कोळंबी, शेवंड यांना जो भाव मिळतो, तो देणारं गिऱ्हाईक कोण? मी-तू नव्हे. मोठी हॉटेलं आणि निर्यातदार. उद्या सगळी महागडी हॉटेलं बंद झाली तर वेसाव्यातल्या नाखव्याचं भलं होईल, असं तू छातीवर हात ठेवून सांगशील?

साशंक : नाही सांगणार. पण तो भाव माशाला कुठे नेतो तेही बघ. एका माणसाच्या ताटात एक अख्खा पापलेट मावला पाहिजे, डोकं-शेपटीसकट, म्हणजे तो दिसतो छान. त्या मापाचा पापलेट पुष्कळदा पुरता वाढलेलाच नसतो. त्यानं एकदाही अंडी घातलेली नसतात. 2023 मध्ये राज्य सरकारनं पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही असं. हे करावं लागलं, कारण पापलेट उणा होत चाललाय. ताटाच्या व्यासानं समुद्रातल्या माशाचं वय ठरावं, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. पूर्वी घरात मोठा मासा आणून त्याच्या तुकड्या करायचे आणि वाटून खायचे. शेपटीकडचं कुणाला यायचं, ते तू आत्ताच सांगितलंस, त्या वाटणीचं गुणगान मी गाणार नाही. पण वाटून खाण्यात मोठा मासा आणायची पद्धत होती.

हौशी : तर मी आईसाठी अख्खा पापलेट मागवणार नाही. ठरलं. पण तुझं एक मला खटकतं. काचेच्या बाहेर जणू सगळं सुरळीत आहे, असं तू बोलतोस. बाहेर काय आहे? वेसाव्याला लागून मालाडची खाडी समुद्राला मिळते. शहराचा मैला प्रक्रिया करून सोडायची महापालिकेची सात केंद्रं, त्यात वर्सोवा आणि मालाड दोन्ही आहेत, आणि तरी खाडीचं पाणी कसं दिसतं ते मढच्या तरीत बसलेल्या कुणालाही विचार. पावसाळ्यात उधाणाची भरती प्लास्टिक परत आणून टाकते. ते कुणी साफ केलं? ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोझ शाह या वकिलानं एका वयोवृद्ध शेजाऱ्याबरोबर वर्सोव्याचा किनारा उचलायला सुरुवात केली. पुढे माणसं जोडत गेली, 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, आणि मार्च 2018 मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली, कित्येक वर्षांनी. आता मला सांग, अफरोझ शाह कुठून आले? ते तिथे राहायला आले होते, समुद्राजवळच्या इमारतीत. आपल्या घरातून त्यांना तो कचरा दिसला. तू ज्याला नावं ठेवतोस ते समुद्राचं दृश्य, तिथून ती सगळी गोष्ट सुरू झाली. दिसलं म्हणून लागलं. ज्याला समुद्र दिसतच नाही, त्याला त्याचं काही वाटेल कसं?

साशंक : हा तुझा आजवरचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, आणि मला तो चुकवायचा नाही. दिसलं म्हणून लागलं, खरं. पण ते खाली उतरले. खिडकीतून बघणारे शेकड्यांनी असतील, उतरला एक. मग त्याच्यामागून बाकीचे. राहत्या घराची खिडकी आणि हॉटेलची खिडकी यांतही फरक आहे. घरातून तोच कचरा रोज दिसतो, त्याच्याशी आपलं काहीतरी नातं जुळतं, निदान भांडण तरी. हॉटेलात आपण दोन तासांचे पाहुणे. तिथे समोर कचरा दिसला तर माणूस टेबल बदलून मागेल, झाडू मागणार नाही. दृश्याचे पैसे दिले की ते कसं असावं याची तक्रार करता येते. पण ते चांगलं राहावं यासाठी आपण काही करायला हवं, असं वाटेनासं होतं.

हौशी : मग पवईकडे बघ. तिथे पाणी आहे, काठावर मोठं हॉटेल आहे, आणि नुसतं फिरायला येणारी माणसंही आहेत.

साशंक : पवईचं नाव काढलंस ते बरं झालं, कारण तिथे माझी पंचाईत होते, आणि ती मी कबूल करतो. मुंबईला पाणी पाजायला इंग्रजांच्या काळात विहार तलाव झाला, 1860 मध्ये. तुळशी 1879 मध्ये. पवई 1891 मध्ये. विहार आणि तुळशीचं पाणी शहर आजही पितं. पवईचं पाणी मात्र लवकरच पिण्याजोगं नाही असं ठरलं, आणि तेव्हापासून शहराची तहान भागवायचं काम त्या तलावाला उरलं नाही. बहुतेकांसाठी तो बघण्याचा झाला. काठावर 1958 मध्ये आयआयटी आली, पुढे उंच इमारती आल्या, तलावाकडे तोंड केलेलं पंचतारांकित हॉटेल आलं. सांडपाणी येत राहिलं, जलपर्णी पसरत राहिली. म्हणजे नुसत्या दृश्याला किंमत आल्यानं पाणी सुधारतं असं काही पवईत दिसत नाही. इथवर माझा मुद्दा टिकतो. पण पुढे ऐक. महापालिकेनं तलावाभोवती सायकल मार्ग करायला घेतला. सगळ्यांसाठी, फुकट, हॉटेलच्या बिलाशिवाय पाण्याकाठी जाता येईल असा. मला हवं होतं तेच. आणि तो पाण्याच्या काठाशी दगड टाकून होत होता. त्या तलावात मगरी आहेत. त्यांना काठावर यायला, ऊन खायला, अंडी घालायला मोकळी जमीन लागते. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी न्यायालयात गेले आणि मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवलं, टाकलेलं काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. ती बातमी वाचून मी खूप वेळ गप्प बसलो. ज्यांना हॉटेल परवडत नाही त्यांचीच ती वाट होती. आणि ती होऊ नये असंही मलाच वाटत होतं.

(हे लिहिताना दोघांपैकी एकाच्या बाजूनं झुकायचं मी टाळत आलोय, पण इथे मलाही थांबावं लागलं. पवईच्या काठानं मी अनेकदा चाललोय आणि ती वाट व्हावी असं मलाही वाटलं होतं. पाणी सगळ्यांचं म्हणताना आपण फक्त माणसं मोजतो, हे मगरींमुळे लक्षात आलं.)

हौशी : म्हणजे तुझ्या तराजूत आता तीन पारडी झाली. हॉटेलात बसणारे, बाहेर उभे राहणारे, आणि पाण्यातले. आणि तिसऱ्या पारड्याचा विचार केला तर एक गोष्ट मला सांगावीशी वाटते, ती तुला आवडणार नाही. फेब्रुवारी 1991 मध्ये केंद्रानं किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. त्यानंतर शहरात अशा किनाऱ्यावर, असलेल्या रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला, नवं बांधायला जवळजवळ मज्जावच झाला. तो व्हायलाच हवा होता. पण त्याचा अर्थ असा की समुद्राला खेटून ज्या खुर्च्या त्याआधीच मांडून झाल्या होत्या, तेवढ्याच राहिल्या. जुहूचं सन-एन-सँड 1962 चं, तिथली इतरही बरीच हॉटेलं जुनी. शहर वाढत गेलं, खुर्च्या वाढल्या नाहीत. मग त्या महाग होणारच. तू ज्या महागाईवर रागावतोस, तिच्यात किनारा वाचवल्याची किंमतही मिसळलेली आहे.

साशंक : असेल. पण ती किंमत जमा कुणाकडे होते? किनारा कायद्यानं वाचला, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं वाचला. त्यामुळे जी टंचाई झाली तिचा नफा मात्र आधी येऊन बसलेल्याच्या गल्ल्यात. आणि मुलुंडला माझ्या घरी ये, म्हणजे तुला याची दुसरी बाजू दिसेल. आमच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. केवढं पाणी! मुलुंड, भांडुप, कांजूर, ओळीनं मिठागरं, त्यापलीकडे तिवरांचं रान, आणि हिवाळ्यात हजारोंनी रोहित पक्षी. 2015 मध्ये तिथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं. पण मुलुंड, घाटकोपरच्या माणसाला विचार, तू खाडीकाठी राहतोस ना? तो म्हणेल, कुठली खाडी? आमच्याकडे पाण्याकाठचं हॉटेल नाही, बाकही नाही. पूर्व द्रुतगती मार्गावरून गाडीतून जाताना काय दिसेल ते.

हौशी : आणि ते तुला बरं वाटतं की वाईट?

साशंक : दोन्ही. वर्षानुवर्षं मी त्याला अन्याय म्हणत आलो. पश्चिमेला समुद्र, चौपाटी, मावळतीची रोषणाई, आणि पूर्वेला कचऱ्याचे डोंगर. आता वाटतं, रोहित पक्षी तिथे येतात याचं एक कारण आम्ही तिथे पोचत नाही हेही असेल. तिथे उद्या काचेचं हॉटेल झालं तर मी रस्त्यावर उतरेन. तिथे उद्या फुकटचं उद्यान झालं, दिवे लागले, भेळेच्या गाड्या लागल्या, तर? तरीही बहुधा उतरेन. म्हणजे माझा विरोध नक्की पैशांना आहे का, हे मला आता तितकंसं ठामपणे सांगता येत नाही.

हौशी : मग मीही एक कबूल करते. काचेच्या आत पहिल्यांदा म्हणाले, ते तितकंसं खरं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आईला अशाच एका हॉटेलात नेलं होतं, कुठलं ते सांगत नाही. आत शिरल्यावर तिचा आवाज खाली गेला. घरी ती तीन मजले ऐकू जाईल असं बोलते, तिथे कुजबुजायला लागली. मेनू इंग्रजीत, विचारपूस इंग्रजीत. तिनं मला हळूच विचारलं, ‘इथे मराठीत बोललं तर चालतं का गं?’ अंधेरीत, तिच्या स्वतःच्या गावात. मला जेवण गेलं नाही. मग पाणी द्यायला आलेला मुलगा तिच्याशी आपणहून मराठीत बोलला. दापोलीकडचा निघाला. आईनं त्याला थेट विचारलं, ‘आज काय घेऊ रे? खरं सांग.’ तो इकडेतिकडे बघून म्हणाला, ‘आजी, बोंबील नका घेऊ आज, सुरमई घ्या.’ त्यापुढे ती खुलली. त्याला गाव विचारलं, आई काय करते विचारलं. त्याची आई हर्णैच्या बंदरात मासळी निवडायला जाते म्हणाला. म्हणजे बघ, ज्यांना काच वगळते असं तू म्हणतोस त्यांचाच मुलगा काचेच्या आत उभा होता, आणि बसलेल्यांत त्याच्याशी बोलण्याजोगं तेवढ्या वेळात फक्त माझ्या आईला सापडलं. तो दिवस चांगला गेला की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. पण समुद्रापेक्षा तो मुलगा तिच्या जास्त लक्षात राहिलाय.

साशंक : हे तू आधीच का नाही सांगितलंस? आपण इतका वेळ काचेच्या दोन बाजूंबद्दल बोलतोय, आणि तो मुलगा दोन्हीकडे आहे. माझ्याही डोक्यात एक बाई आहे. चार बंगल्याच्या मासळी बाजारात पाटी मांडून बसते, आमची मावशी तिच्याकडूनच घेते. दिवसभर बसलेली असते, तुझ्या आईपेक्षा जास्त वेळ. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण बसायची जागा अशी की तिथून तो दिसत नाही. मी एकदा तिला हे म्हणालो तर ती म्हणाली, ‘दर्या बगून काय करू? दर्याचं म्हावरं इकायचं का दर्या बगायचा?’ मी त्यावरून माझा निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो, की समुद्र बघणं हे न राबणाऱ्यांचं काम. आता शंका येते. तिला बसायला कुणी खुर्ची दिली असती तर ती काय म्हणाली असती, हे मी विचारलंच नाही.

हौशी : कदाचित ती तुझ्यापेक्षा पटकन त्या हॉटेलात जाऊन बसेल. तिच्या मुलीचा वाढदिवस असेल. आपण तिच्या वतीनं रागावतो, तिला विचारत नाही.

साशंक : खरंय. तरीही मधली जागा नाही, हे माझं दुःख खोटं नव्हे. एकीकडे उभं राहून कागदातली भेळ, दुसरीकडे बसून हजारांचं बिल. गोव्यात निदान शॅक आहेत. स्थानिकांना परवाने, पावसाळ्याआधी सगळं सोडवून ठेवायचं, किनारा परत किनाऱ्याचा. 2020 मध्ये आपल्या राज्य सरकारनं तसं धोरण आणलं, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या आठ किनाऱ्यांसाठी. मुंबईचा एकही त्यात नव्हता. आणि वेसाव्यात वर्षातून काही दिवस सी-फूड महोत्सव भरतो. कोळणी दागिने घालून, नऊवारी नेसून चुलीशी उभ्या, आणि गाव आपल्याला आपल्या अंगणात जेवायला बोलावतं. काच नाही, वास आहे, खुर्चीही आहे. मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं.

हौशी : मी गेलेय तिथे. जीव ओवाळून टाकावा असं जेवण. पण तिथेही बाया उभ्याच होत्या रे, आणि आपण बसलो होतो. फक्त पैसे थेट त्यांच्या हातात गेले. तो फरक मोठा आहे, मी लहान करत नाही. पण तोही जुलैत नसतो, आणि आई जुलैतली.

साशंक : काकूंना विचारलंस का, त्यांना कुठे बसायचंय?

हौशी : काल विचारलं. म्हणाली, खिडकीजवळ बसू, पण खिडकी उघडायला सांग. नुसतं काचेतून काय बघायचं, पावसाचा वारा आला पाहिजे.

साशंक : जुलैत ते खिडकी उघडणार नाहीत. वारा आला की पाऊस आत येतो. आणि वेसाव्याकडून वारा फिरला तर वासही.

हौशी : तेच विचारायला फोन करणार आहे. टेबल नंतर. त्यांच्याकडे उघडणारी एखादी तरी खिडकी आहे का, आणि सुक्या बोंबलाची चटणी मिळेल का. नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारेन.

साशंक : आणि सगळेच नाही म्हणाले तर?

हौशी : तर तू गाडी काढ. मढच्या तरीच्या धक्क्यापर्यंत जाऊ. गाडीची काच तरी खाली करता येते. पण तिला लागेल ती सोय तिथे कुठे आहे, ते तू आधी जाऊन बघून ये.